मधला तुकडा

थोरली कधी भांडत नसे, म्हणून लोक तिला गरीब गाय समजत. लोकांचं काय, लोक कोणालाही गाय समजतात. थोरली डूख धरणारी बाई होती, आणि डूख धरणाऱ्याला आवाज चढवायची गरज पडत नाही. लहानपणी तिच्या बाहुलीचा पाय मोडणाऱ्या चुलतभावाला तिने त्याच्या लग्नाच्या जेवणात बिनमिठाची भाजी वाढली होती. एकट्या त्याच्याच ताटात. बाकीचे बोटं चाटून जेवत होते आणि तो बिचारा दोन घास खाऊन इकडेतिकडे बघत होता. बाहुलीचं त्याला आठवलंही नसेल. थोरलीला आठवत होतं, तेवढं पुरे होतं.

तर अशा बाईच्या वाटेला तिची धाकटी जाऊ गेली.

घर दोन भावांचं. खाली स्वयंपाकघर, जेवायची खोली आणि थोरलीची खोली, वर धाकट्याचं बिऱ्हाड, मागे परस. थोरला भाऊ कारखान्यात फिटर होता आणि गल्लीत सगळे त्याला फिटरच म्हणत. तो गेला त्याला काही वर्षं झाली. छातीत कळ आली तेव्हाही त्याच्या हातात पाना होता आणि समोर परसातला नळ होता. धाकटा भाऊ कचेरीत कारकून. स्वभावाने इतका मऊ, की दोघींपैकी कोणीही काहीही म्हणालं तरी तो "बरोबर आहे" म्हणायचा आणि वर्तमानपत्रामागे जायचा.

राहिली धाकटी. ती मनाने वाईट नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांना तिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात राहायचं नव्हतं. धाकटीला नव्याची भारी हौस. नवे पडदे, नवे कप, नवी पायपुसणी. बाजारात दिसेल ते घरात आणि घरात असेल ते बाहेर. तिचं एक पालुपद ठरलेलं होतं: "जुनं ते टाकावं. नाहीतर घराचा उकिरडा होतो."

आणि ते अख्खं घर उभं होतं जुन्यावर. फिटर गेल्यावर त्याचा हत्यारांचा डबा थोरलीने आपल्या पलंगाखाली ओढून घेतला होता. इतकी वर्षं त्याच्या बाजूला बॅटरी धरून उभी राहिलेली बाई, तिला काय शिकवायचं? स्वयंपाकघरातल्या नळात वायसर होता तो झिजलेल्या चपलेच्या तळव्यातून कापलेला. मोठ्या पातेल्याच्या झाकणाची मूठ म्हणजे दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ. वरच्या मजल्याच्या खिडकीची कडी म्हणजे वाकवलेला जुना चमचा. जेवायच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली फिटरच्या बुटाची टाच होती आणि वर्षानुवर्षं कोणाच्या पेल्यातलं पाणी हललं नव्हतं. बेसिनखालचं काम तेवढं फिटरच्या हातचं, त्याला हात लावायची वेळ थोरलीवर कधी आली नव्हती. घरातलं बाकी सगळं तिने ठोकून, घासून, बांधून, शिवून धरलं होतं. धाकटीला वाटायचं, घर आपोआप चालतं.

याशिवाय थोरली स्वयंपाक करायची, परसात घेवडा आणि टोमॅटो लावायची, आणि दुपारी गोधड्या शिवायची.

गोधडी शिवायची तिची एक रीत होती. काठापासून सुरुवात. कडेने तुकडे लावत, धावदोरा घालत चारी बाजू फिरायचं, एक फेरी पुरी झाली की आतली फेरी, मग त्याच्या आतली. असं करत करत सगळ्यात शेवटी मध्य. मध्यावर लावायचा तुकडा ती आधीपासून बाजूला काढून ठेवायची, आणि तो जिवाभावाचा असायचा. काठ झिजतात, ओढाताणीत फाटतात, ते बदलता येतात. मध्य मात्र पांघरणाऱ्याच्या छातीवर येतो. मध्य भरल्याशिवाय ती गोधडीला गोधडी म्हणायची नाही, मग चारी बाजूंनी ती कितीही सुंदर झालेली असो.

फिटरचे शर्ट तिने बोचक्यात बांधून जिन्याखालच्या कपाटात ठेवले होते. कारखान्याचे खाकी, एक पांढरा निळ्या रेघांचा, आणि एक तांबड्या-काळ्या चौकड्यांचा. चौकड्यांचा त्याचा फार लाडका. लेक झाली त्या दिवशी अंगात तोच होता आणि लेकीने पहिल्या तासातच त्याच्या खांद्यावर दूध काढलं होतं. पुढे त्याची कॉलर विरली तेव्हा थोरलीने ती उसवून उलटी करून लावून दिली. तीही विरली, तरी तो घालायचाच. इतक्या वर्षांत थोरलीने त्या बोचक्याची गाठ सोडली नव्हती. कशासाठी ठेवलंय ते तिलाही माहीत नव्हतं.

मग लेकीचा फोन आला. "आई, तू आजी होणार."

त्या दिवशी थोरलीला कळलं, बोचकं कशासाठी ठेवलंय ते. तिने शर्टांना ऊन दाखवलं, पुन्हा बांधले, आणि मनात गोधडी पुरी करून टाकली. काठाला खाकी, आतल्या फेऱ्यांना रेघांचा, मध्यावर चौकडी. बाळाला आजोबा बघायला मिळणार नव्हता. निदान त्याच्या शर्टाखाली झोपेल.

पण सुई हातात घ्यायच्या आधीच लेकीची तब्येत बिघडली आणि थोरली तिच्याकडे गेली. तिला जरा बरं वाटायला लागल्यावर परतली, तर घर ओळखू येईना. धाकटीची मोठी बहीण राहायला येणार होती. ही ताई लांबच्या शहरात मोठ्या घरात राहायची आणि नाकाने कांदे सोलायची. धाकटीच्या घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य असायचं, "अगं बाई, अजून असंच आहे का?" या खेपेला ताईचं तोंड बंद करायचं, असा पण करून धाकटीने घर झाडून, पुसून, उपसून काढलं होतं.

थोरलीने पिशवी ठेवली आणि पाय धुवून मोरीतून बाहेर आली. दाराशी फडकं होतं. पुसायला पाय पुढे केला आणि तो तसाच अधांतरी राहिला. फडक्याला खिसा होता. खिशावर शाईचा डाग होता, आणि तो डाग तिने किती वेळा लिंबू लावून चोळला होता.

"धाकटे, हे काय आहे?"

"पायपुसणं. का हो, जाऊबाई?"

"यांचा शर्ट आहे हा."

"हो, त्या जिन्याखालच्या बोचक्यातला," धाकटी पडद्याच्या कड्या ओवता ओवता म्हणाली. "अहो, केवढं ते जुनेर! ताई येणार, घर जरा माणसांचं दिसायला नको? सगळे फाडून पोतेरी केली. बरी झाली हो. सुती आहे, पाणी छान शोषतं."

थोरलीने घरभर नजर फिरवली. ओट्यावर एक बाही होती. बादलीच्या कडेवर पाठ वाळत होती. जिन्याच्या पायरीवर एक कॉलर पालथी पडली होती.

"लेकीच्या बाळाची गोधडी करणार होते मी त्यांची," ती म्हणाली.

धाकटीचे हात थांबले. या जागी तिने 'चुकलं' एवढा एक शब्द म्हटला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. थोरली रडली असती, धाकटी रडली असती, आणि दोघींनी चहा घेतला असता. पण काही माणसांना माफी मागायला सांगणं म्हणजे दात उपटायला सांगणं.

"मग आधी सांगायचं नाही का?" धाकटी म्हणाली. "आणि बाळाला जुनं कशाला? माझ्याकडे नव्या कापडाचे तुकडे आहेत, त्यातले घ्या."

"चौकड्यांचा कुठाय?"

"तो होय? कपाटाला रंग दिला ना, त्याने ब्रश पुसले. मग टाकला कचऱ्यात. गाडी येऊन गेली." धाकटी पुन्हा कड्यांकडे वळली. "जुनं ते टाकावं, जाऊबाई. तुम्ही फार जीव लावता वस्तूंना."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेहऱ्यावर मात्र रेषही हलली नाही.

"बरं," ती म्हणाली.

दिराने वर्तमानपत्राच्या वरून तिच्याकडे पाहिलं. ते 'बरं' त्याला माहीत होतं. त्याने वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

पुढे काय झालं, तर ताईच्या सासूला बरं नाही म्हणून ताईचं येणं महिनाभर पुढे गेलं. धाकटी हिरमुसली. थोरलीला मात्र तो महिना आयता मिळाला.

पहिल्याच दिवशी तिने घरातली सगळी पोतेरी गोळा केली. साबणाच्या कढत पाण्यात भिजवली, चोळली, पुन्हा भिजवली, उन्हात टाकली. काही डाग गेले, काही राहिले. राहिलेल्यांना तिने आतल्या बाजूला घेतलं. मग परसात स्टुलावर बसून काठ शिवायला घेतला.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिने जावेचा शब्द पाळायला सुरुवात केली. जुनं ते टाकावं.

आधी नळातला वायसर काढला. नळ रात्रंदिवस टिपटिप गळू लागला. दीर म्हणाला, "वहिनी, नळाला काय झालं?"

"काही नाही. जुना वायसर होता, टाकला."

मग पातेल्याच्या झाकणावरचं रीळ गेलं. धाकटीने सवयीने झाकण उचलायला हात घातला आणि बोटं भाजून घेतली. खिडकीचा चमचा गेला आणि वाऱ्याने ती अशी आपटू लागली, की दीर दचकून दचकून उठे. टेबलाखालची टाच गेली. त्या दिवशी आमटी दिराच्या मांडीवर आली. परसात धाकटीचा मिरवायचा गुलाब होता, त्याच्या तडकलेल्या कुंडीला थोरलीने तार आवळली होती. ती सोडली. दुपारपर्यंत कुंडीचे दोन भाग झाले आणि गुलाब मुळं उघडी पडून आडवा झाला. गुलाब तिने उचलून वाफ्यात लावला, वेलीझाडांशी तिचं वैर नव्हतं. कुंडी तशीच पडू दिली.

स्वयंपाक मात्र तिने बिघडवला नाही. बिनमिठाची भाजी ही पोरवयातली गोष्ट झाली. आता ती मोठी झाली होती.

धाकटी काही कुकुलं बाळ नव्हती. दोन-चार दिवसांत तिच्या ध्यानात आलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. विचारायला जावं तर कबूल करावं लागणार, की हे घर जुन्यावरच चालत होतं. तिने विचारलं नाही. सुतार बोलावला, नळवाला बोलावला, नवी कडी, नवं झाकण, नवी कुंडी आणली. खर्च होत गेला, नवऱ्याचं तोंड लांब होत गेलं, पण घर हळूहळू सावरलं. टेबलसुद्धा हलायचं थांबलं. महिना संपता संपता धाकटी विजयी मुद्रेने जिन्यावरून उतरू लागली.

थोरलीचा सूड असा हातातून निसटत चालला होता. आणि गोधडीचंही तेच झालं. खाकी काठ झाला, रेघांच्या फेऱ्या झाल्या, टाके एकसारखे, कुठे चूण नाही. मध्यावर तळहाताएवढी जागा उघडी राहिली आणि तिथे आतलं अस्तर दिसत होतं. थोरली रोज गोधडी मांडीवर घ्यायची, त्या जागेवर हात ठेवायची, आणि घडी घालायची. लेकीचे दिवस भरत आले होते. खाकीचा तुकडा लावून मोकळं होता आलं असतं. रेघांचाही उरला होता. तिला चौकडी हवी होती आणि चौकडी कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेली होती. आपल्या माणसाचं शेवटचं काही या बाईने ब्रश पुसून फेकलं, हे तिला पांघरुणात डोकं घातलं तरी विसरता येत नव्हतं. ती धाकटीला पाण्यात पाहू लागली.

ताई येणार त्याच्या आदल्या दुपारी थोरली बेसिनखालची बादली काढायला वाकली. हात लांब करून बादली ओढली, आणि ओढता ओढता तिची नजर पाइपावर गेली.

पाइपाच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि त्यावर घट्ट आवळून बांधलेलं कापड. वरून ते काळं पडलं होतं, तेलकट झालं होतं. तिने नखाने एक पदर उचलला. आत तांबडं होतं. तांबड्यावर काळी चौकडी होती.

थोरली तिथेच फरशीवर बसली.

तिला सगळं आठवलं. तो जोड गळायला लागला होता, रविवार होता, दुकानं बंद होती. फिटरने अंगातल्या शर्टाचा मागचा घोळ बाहेर ओढला आणि टर्रकन पट्टी फाडली. ती ओरडली होती, "अहो, शर्ट!" तो बेसिनखालून म्हणाला, "आत खोचल्यावर कोणाला दिसतंय? उद्या नवा जोड आणतो." उद्या राहिलं. परवा राहिलं. बांधलेलं गळत नव्हतं, मग कोण आणतो नवा जोड? ती रोज त्या बेसिनपाशी उभी राहून भांडी घासत होती, आणि तो तिच्या गुडघ्यापाशी होता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

मग तिचे डोळे कोरडे झाले आणि डोकं चालू लागलं.

पट्टी आत्ता सोडून घेता आली असती. जागी सुतळी आवळली असती तर एक थेंब गळला नसता, आणि कोणाला कळलंही नसतं. हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पदर परत दाबून बसवला, बादली होती तिथे ठेवली, आणि कणीक भिजवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ताई आली. उंबरठ्यावर उभी राहून तिने घर पाहिलं आणि काहीच बोलली नाही. धाकटीला तेवढं आभाळाएवढं झालं. जेवायच्या टेबलावर तिने ठेवणीतला टेबलक्लॉथ घातला होता. पांढरा, चारी बाजूंनी निळी वेल भरलेली, मधोमध निळ्या फुलांचा मोठा गुच्छ.

"हा जुना दिसतो गं," ताटं मांडताना थोरली म्हणाली.

"जुना काय, जाऊबाई!" धाकटी दुखावून म्हणाली. "आईच्या हातचा आहे. ती गेली त्या वर्षी भरलेला. मी वापरतसुद्धा नाही."

"असं होय," थोरली म्हणाली.

जेवण झकास झालं होतं. दोन भाज्या, भात, आमटी, आणि गोड मागून यायचं होतं. ताईने दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. दीर सैलावून विनोद सांगू लागला. स्वयंपाकघरात थोरलीने बेसिनला बूच लावलं आणि पातेली, कढया, परात सगळं धुऊन पाणी काठोकाठ साठवलं. मग वाकली. गाठ फिटरची होती, ओढली की आवळणारी आणि उलटी ढकलली की सुटणारी. तिने ती ढकलली. पट्टी सरसर उलगडून हातात आली, मागून ट्यूब गळून पडली.

मग तिने बूच काढलं.

पाणी खाली आलं ते खरकटं, साबणाचं, तेलकट. स्वयंपाकघराची फरशी जेवायच्या खोलीकडे उतरती होती. फिटर नेहमी म्हणायचा, हा उतार गवंड्याने उलटा काढलाय. पाण्याने गवंड्याची चूक बरोबर शोधली. भाताची शितं मिरवत ते टेबलाखाली शिरलं.

ताईने किंचाळून पाय वर घेतले. तिची कातडी पर्स खुर्चीशी जमिनीवर होती, ती तरंगायची तेवढी बाकी राहिली. कोपऱ्यातलं तांदळाचं पोतं खालून भिजलं. दीर उठला, घसरला, आणि पुन्हा खुर्चीत बसला.

"पोतेरं!" धाकटी ओरडत स्वयंपाकघरात आली. "जाऊबाई, पोतेरं द्या! लवकर!"

"नाही गं," थोरली म्हणाली. "होती ती सगळी गोधडीत गेली."

"काहीतरी जुनं द्या हो!"

"जुनं घरात काही ठेवलं नाही. तूच म्हणालीस ना, उकिरडा होतो." थोरलीने दारातून टेबलाकडे बोट दाखवलं. "ते आहे की टेबलावर. सुती आहे. पाणी छान शोषतं."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ती थोरलीकडे बघत राहिली, मग थोरलीच्या हातातल्या ओल्या पट्टीकडे.

"आईच्या हातचं आहे ते!" खुर्चीवरून ताई कडाडली. "आणि काय गं, तुझ्या घरात साधं एक पोतेरं नाही? एवढे पडदे लावलेस ते कशाला?"

ते वाक्य बरोबर बसलं. महिनाभर सुतार, नळवाले करून जिच्यासाठी घर उभं केलं, तिच्या या एका वाक्याने ते आडवं झालं. धाकटीने अंगावरची नवी शाल काढली, गुडघ्यांवर बसली आणि शालीने फरशी पुसायला लागली. शाल चकचकीत धाग्यांची होती. ती पाणी शोषत नव्हती, नुसतंच इकडून तिकडे ढकलत होती.

थोरलीने ते मन भरून पाहिलं. मग गोधडी घेऊन परसात गेली.

सूड घेऊन समाधान मिळत नाही, असं म्हणतात. ज्यांना कधी नीट घेता आला नाही तेच असं म्हणत असणार. थोरलीने पट्टी हौदाच्या पाण्यात खळबळून धुतली, पिळली, उलगडली. आतले पदर अजून तांबडे होते. पट्टीचे तिने तीन सारखे तुकडे केले, शेजारी शेजारी जोडले, कडा दुमडल्या, आणि ओलसरच मध्यावर ठेवले. जागा भरली. घेवड्याच्या मांडवाखाली बसून ती टाके घालत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं, की ती गुणगुणायला लागली.

ताई गोड न खाताच गेली. बऱ्याच वेळाने धाकटी परसात आली. गुडघ्यापर्यंत ओली, केस कपाळाला चिकटलेले. ती पायरीवर बसली.

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो," थोरली म्हणाली.

"ताईसमोर."

"ताईसमोरच."

"एका शर्टासाठी, जाऊबाई?"

थोरलीने गोधडी तिच्याकडे सरकवली. धाकटीने मध्यावरच्या तुकड्याला हात लावला, आणि ओल लागल्यावर काढून घेतला.

"हा कुठून आला? तो तर मी..."

"पाइपाला होता. त्यांनी बांधलेला. अंगातल्या शर्टाचा फाडून बांधला होता. उद्या जोड आणतो म्हणाले होते."

आतून पाण्याची टिपटिप ऐकू येत होती.

"नळवाल्याला फोन केला," धाकटी म्हणाली. "तो म्हणतो, उद्या येतो."

थोरलीला हसू फुटलं. ते पुढे पुढे हसू राहिलं नाही. तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"तोवर काहीतरी बांधायला हवं," ती म्हणाली. "कापड लागेल."

धाकटी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात टेबलक्लॉथ होता आणि दुसऱ्या हातात कात्री. टेबलक्लॉथवर आमटीचा एक शिंतोडाही नव्हता. तिने दोन्ही थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "घ्या. कापा."

थोरलीने ऐकलं. महिनाभर ज्या शब्दासाठी तिने घराच्या खिळ्याखिळ्याला सोडवून पाहिलं, तो शब्द असा पायरीवर मिळाला. धाकटी तिला पहिल्यांदाच पोरीसारखी दिसली, आई गेलेल्या पोरीसारखी. एखादी भली बाई असती तर तिने कात्री बाजूला ठेवली असती आणि सुतळी शोधली असती. सुतळी तिच्या कमरेलाच खोचलेली होती.

तिने टेबलक्लॉथची घडी घातली. उभी, मग आडवी. चार पदर झाले आणि कापडाचा मध्य एका टोकाला आला.

"काठाची पट्टी पुरेल की हो," धाकटी हळूच म्हणाली.

"पुरेल," थोरली म्हणाली. "पण काठ गेला तर कळत नाही गं. मधलं गेलं की कळतं."

आणि तिने कात्री चालवली.

निळ्या फुलांचा गुच्छ पाइपाला बांधला तो फिटरच्याच गाठीने. नळवाला दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही, आणि बांधलेलं गळत नाही म्हणून कोणी त्याला पुन्हा बोलावलंही नाही. लेकीला मुलगी झाली. गोधडी तिच्याकडे वेळेवर पोचली. घरातल्या जुन्या वस्तू थोरलीने पलंगाखालच्या डब्यातून काढून एकेक करून परत बसवल्या, कारण नवा वायसर महिन्यात गळायला लागला होता. दोघी जावा एका ओट्यापाशी स्वयंपाक करू लागल्या, आणि धाकटीच्या तोंडून ते पालुपद पुन्हा कोणी ऐकलं नाही.

वर्षभराने एका दुपारी धाकटी टेबलक्लॉथ घेऊन आली. तिने तो थोरलीसमोर पसरला. चारी बाजूंनी निळी वेल होती आणि मधोमध भोक. नव्या पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि निळा दोरा तिने सोबत आणला होता.

"जाऊबाई," ती म्हणाली, "हे भरून द्याल का हो? तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

थोरलीने चष्मा लावला. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, धागे पाहिले, कापड उजेडात धरलं. मग त्याची नीट घडी घातली, उभी, मग आडवी, आणि जावेच्या हातात परत दिली.

"जमेल की," ती म्हणाली. "उद्या बघू."